कुंपणापुरती जागा

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. वारीच्या वाटेवर तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती याच देवळात. नावामागची कथा अशी, की विठ्ठलाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली आणि सापडली तिथेच देऊळ उभे राहिले. अशा कथांचा खरेखोटेपणा तपासण्यात फारसे हशील नसते. कथेला जी पार्श्वभूमी लोकांना सहज पटली, ती मात्र इतिहासाच्या उपयोगाची असते. नाना पेठ ही नाना फडणवीसांच्या नावाची, म्हणजे उत्तर पेशवाईत वसलेली. तेव्हाच्या पुण्याची ती पूर्वेकडची कड. वस्ती विरळ होत जाते तिथे निवडुंग असायचाच, हे ऐकणाऱ्याला इतके ओळखीचे होते की देव तिथे सापडल्याचे नवल वाटले, निवडुंग तिथे असल्याचे नाही. आज हीच जातकुळी काचेच्या वाडग्यात रंगीत खडे पसरून टेबलावर येते, तिला ‘सक्युलंट’ म्हणतात, आणि पाणी घालायला विसरलात तरी चालते, ही तिची मोठी ख्याती. जणू मांसल पानाखोडांची झाडे लावणे हा शहरी माणसाने अलीकडे बाहेरून आणलेला शौक आहे. मला यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात. महाराष्ट्रात ही झाडे मुद्दाम लावण्याची रीत जुनी आहे. मात्र ती शोभेसाठी नव्हती, हद्दीसाठी होती. आणि त्यांना देखभाल लागत नाही हा समज, ती देखभाल करणारे हात दिसेनासे झाल्यावरच रुजला.

आधी नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या कुळांना वापरला जातो. एक आपल्याकडचे जुने: त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग आणि त्यांचा बिनपानांचा, पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्यांचा भाऊबंद शेर. ही सगळी एरंडाच्या कुळातली, आणि यांची खूण म्हणजे चीक. कुठेही खरचटले की पांढरा दुधासारखा चीक वाहू लागतो. दुसरा फड्या निवडुंग, नागाच्या फडीसारख्या सपाट पेरांचा. हा खऱ्या कॅक्टस कुळातला. ते कुळ मूळचे अमेरिका खंडातले, आणि त्याच्या पेरातून पाझरतो तो नुसता बुळबुळीत रस. महासागराच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या कुळांनी कोरड्या हवेवर एकच तोडगा काढला: पाने टाकली, खोड फुगवले, काटे उगवले. गावकऱ्याने वनस्पतिशास्त्र न शिकता दोघांना एकाच नावाखाली बसवले ते रूपावरून, आणि माझ्या मते त्याहून जास्त कामावरून. ‘वई’ या शब्दाचा अर्थच मुळी कुंपण. ज्या झाडाला भाषेने कुंपणाचेच नाव दिले, ते लोकांच्या हिशेबात काय होते, याचा याहून सरळ पुरावा कुठे शोधायचा?

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराजवळ कोणती झाडे नसावीत याचे नियम आहेत. काटेरी झाडाने शत्रूचे भय येते, चिकाच्या झाडाने धन जाते, असे त्यात म्हटले आहे. चिकाच्या झाडांत वड-उंबरही येतात, तेव्हा हा नियम एकट्या निवडुंगासाठी केलेला नाही. पण काटा आणि चीक दोन्ही बाळगणाऱ्या निवडुंगाला त्यात दुहेरी मनाई होते हे उघड आहे. दारात निवडुंग नको, हे आजही अनेक घरांत ऐकू येते. ही नुसती अंधश्रद्धा म्हणून झटकता येईल, पण शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होते हे ज्यांना ठाऊक आहे ते तसे करणार नाहीत. डोळ्याची आग होते, सूज येते, काही काळ दिसेनासेही होते. रांगती मुले, गुरे, वाळत घातलेले कपडे यांच्या मध्ये असले झाड ठेवायचे नाही, आणि त्याच गुणामुळे हद्दीवर मात्र तेच लावायचे, या एकाच शहाणपणाच्या दोन बाजू आहेत. शेळी बाभळीचा पाला खाते, बोरीचा खाते. शेराला तोंड लावत नाही.

इथे कोणी म्हणेल की हे निवडुंग डोंगरउतारावर आपोआप उगवतात. ते लावले जात होते हे कशावरून? आक्षेप रास्त आहे, कारण त्रिधारी निवडुंग सह्याद्रीच्या कोरड्या कड्यांवर रानटीही वाढतो. पण रानातले झाड ओळीत उगवत नाही. शेराबाबत तर वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ घर आफ्रिकेत शोधतात. म्हणजे तो माणसाच्याच हाताने इकडे आला असण्याचा संभव मोठा. आला तोही फार पूर्वी. केरळच्या वनस्पतींवर १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये तो ‘तिरुकळ्ळी’ या मलयाळी नावाने आहे, आणि १७५३ मध्ये लिनियसने तेच नाव शास्त्रीय नावात कायम केले. याच ग्रंथाला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला जोडलेला आहे, हे जाता जाता नोंदवण्यासारखे. लावण्याची रीतही ठरलेली होती. हातभर कांडी कापायची, चीक गळून जखम सुकेपर्यंत काही दिवस सावलीत टाकून ठेवायची, आणि जमीन भिजायच्या सुमाराला ओळीने खोचायची. ओली कांडी लगेच मातीत घातली तर ती कुजते. आज कुंडीत सक्युलंट लावायला शिकवणारे नेमके हेच सांगतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देशावरची शेते उघडी असतात. दोन शेतांमध्ये बांध असतो, कुंपण नसते, आणि सुगी झाली की गावची गुरे मोकळ्या रानात चरतात. मग कुंपणाला एवढे महत्त्व कसले? खरे आहे, ज्वारी-बाजरीच्या जिरायत पट्ट्याला कोणी वई घालत नव्हते. पण म्हणूनच जिथे ती घातली जाई ती जागा मोलाची होती: विहिरीवरचा मळा, भाजीपाल्याची वाडी, खळे, परडे, गोठा, गावात येणाऱ्या पांदीच्या दोन्ही कडा. मोकाट गुरे चरायची रीत जितकी पक्की, तितकी मळ्याला कुंपणाची गरज जास्त. कोकणात पर्याय होता. दगडांचा गडगा रचता येई, किंवा दरवर्षी काट्या-शिरड्या आणून वई बांधता येई. घाटावर लाकूडफाटा कमी. बाभळीच्या तोडलेल्या काट्यांचे कुंपण वर्षभरात वाळून विस्कटते, वाळवी लागते, निम्मे तर चुलीत जाते. निवडुंगाचे कुंपण जळणाला चोरीला जात नाही, वाळत नाही आणि मोडले तर मोडलेला तुकडाच तिथे पुन्हा रुजतो. खर्च एकच होता, पण तो दरवर्षीचा: छाटणी. वर वाढू दिले की कुंपण खाली विरळ होते, शेळीला शिरायला भोक पडते. आडवे पसरू दिले की ते हात दोन हात जमीन गिळते. म्हणून चिकापासून डोळे सांभाळत लांब दांड्याच्या हत्याराने ते दोन्ही अंगांनी कापून काढायचे. कुंपणाची निगा म्हणजे त्याला वाढवणे नव्हे, आवरणे. कुंडीतल्या रोपाची काळजी घेणाऱ्याला ही कल्पना उलटी वाटेल, पण हजारो मळ्यांची निगा अशीच राखली गेली.

हे आवरणे सुटले की काय होते, ते फड्या निवडुंगाने दाखवून दिले. तो अमेरिकेतून आला, एवढे नक्की. आणि बहुधा पोर्तुगीज व इतर युरोपीय जहाजांच्या वहिवाटीत आला. त्याला इथे ईस्ट इंडिया कंपनीने आणले असे सरसकट म्हटले जाते ते मात्र तपासून घ्यायला हवे. कंपनीने आणला तो किडा. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून उत्तम लाल रंग मिळे, एका पौंडाला सुमारे सत्तर हजार किडे लागत, आणि या व्यापारावर स्पेनची घट्ट मक्तेदारी होती. (मराठीतला ‘किरमिजी’ शब्द या किड्याहून जुना, तो जुन्या जगातल्या दुसऱ्याच एका रंगकिड्याच्या नावावरून आला.) १७७७ मध्ये एका फ्रेंच माणसाने मेक्सिकोतून किडे आणि निवडुंग चोरून नेल्यावर इंग्रजांनाही हाव सुटली. मद्रासेत कंपनीचे वैद्य जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागच लावली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले, आणि ते सोडायला निवडुंग तिथे आधीच भरपूर होता. म्हणजे झाड कंपनीच्या योजनेआधी इथल्या कुंपणांत रुळलेले होते. किडा मात्र चुकीच्या जातीचा निघाला. रंग हलका, आणि ज्यावर पोसायचा तो निवडुंगच त्याने खाऊन फस्त करत आणला. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातल्या एका जातीच्या निवडुंगाची कुंपणे त्याने साफ केली. अपयशी धंद्यातून अपघाताने एक शास्त्र जन्मले: १८३६-३८ च्या सुमारास हाच किडा दक्षिणेत मुद्दाम, तण मारण्यासाठी नेण्यात आला. किडा सोडून तण मारण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा एक मानला जातो.

पण कंपनीला आणि तिच्या शत्रूंना निवडुंगाचे दुसरे मोल चांगलेच कळले होते. पाँडिचेरीच्या भोवती काटेरी झाडांची जाड तटवजा वई होती, आणि १७६० मध्ये फ्रेंचांना वेढताना इंग्रजांना आधी ती काबीज करावी लागली. पुढे इंग्रजांनी हीच कल्पना मिठाच्या करासाठी राबवली. १८६९ मध्ये सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैलांची जकात-रेषा होती, तिच्यावर जवळजवळ बारा हजार माणसे पहाऱ्याला होती, आणि तिच्या काही भागावर बाभूळ, बोर, करवंद, चिकाचा निवडुंग आणि कोरड्या मुलखात फड्या निवडुंग अशी जिवंत भिंत लावलेली होती. तिच्या उभारणीत जकात आयुक्त म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा मोठा वाटा होता. तेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढे आले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोद. १८७९ मध्ये ही रेषा मोडली आणि बघता बघता ती भिंत नाहीशी झाली. काही जण ही वई म्हणजे इंग्रजांची अफाट करणी मानतात. अफाट होती ती लांबी आणि त्यामागची लूट. मळ्याभोवती शेतकरी जे करत होता तेच सरकारने चिमूटभर मिठासाठी देशाच्या आरपार केले. आणि खणणारे, पाणी घालणारे, मेलेल्या झाडाच्या जागी नवे लावणारे हजारो हात हटताच भिंत टिकली नाही, ही गोष्ट माझ्या मुद्द्याला पोषकच आहे.

जिथे पाऊस बेताचा आणि पहारा ढिला, तिथे मात्र उलट झाले. फड्याचे एक पेर तुटून पडले तरी मुळे धरते. बोंडे पक्षी खातात आणि बी लांबवर टाकतात. दुष्काळात गाव उठले, रोगाने माणसे गेली, मळा ओस पडला, की छाटणी थांबे आणि कुंपण रानात चालू लागे. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण विश्वासघाताबद्दल वापरली जाते. फड्याच्या बाबतीत ती वस्तुस्थितीचे वर्णन होती. जाळीत साप, उंदीर, डुकरे, आणि आडोसा शोधणारी माणसे; गावाजवळची घाणही तिथेच. म्हणून गावाभोवतीचा निवडुंग काढणे हा पुढे आरोग्याचा विषय झाला. तरी दुष्काळात काटे जाळून हीच पेरे गुरांपुढे टाकली जात. पोषण थोडे, पाणीच जास्त. पण गुरे जिवंत राहण्यापुरते. शेवटी १९२६ मध्ये सिलोनहून कोचिनीलच्याच कुळातली दुसरी जात दक्षिण भारतात आणली गेली, आणि थोड्याच वर्षांत तिने फड्याची मैलोगणती रान झालेली जाळी झोपवली. आज रस्त्याकडेच्या फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते या किड्यांचे. चिरडले तर बोट लाल होते.

घायपाताची गोष्ट याहून वेगळी. त्याला केकताडही म्हणतात. हा मेक्सिकोकडचा, पण याच्या जाड, टोकदार पानांत वाख होता, आणि त्यामुळे कुंपण राखणाऱ्याला छाटणीतून माल मिळे. रेल्वेच्या कडेने, माळरानाच्या बांधांवर, ओढ्याच्या काठाने घायपाताच्या रांगा लागल्या. पाने कापायची, कडेचे काटे तासायचे, पाने ठेचून किंवा पाण्यात कुजत घालून गर धुऊन काढायचा, मागे उरलेला वाख वाळवून पिळायचा. कुजणाऱ्या पानांची दुर्गंधी असह्य असते, आणि ओल्या रसाने हातापायांना खाज सुटते. हे काम गावात मातंगांकडे होते. मोटेचा नाडा आणि सोंदूर, बैलांचे कासरे, गोठ्यातली दावी, चुलीवरची शिंकी, सारे त्यांच्या हातचे. इथे ‘कुसू’ या शब्दाकडे थांबून पाहावे लागते. गावकुसू म्हणजे गावाभोवतीची हद्द. कुठे दगडामातीची, कुठे काट्यांची. ती गुरे आणि चोर अडवत होती, तशीच माणसेही अडवत होती. कुसावरचे झाड कापून त्याचा दोर वळणाऱ्याचे घर त्याच कुसाबाहेर होते. निवडुंगाला घराजवळ जागा नाही, हद्दीवर आहे. आणि त्याची निगा करणाऱ्यालाही तीच जागा. या झाडांच्या देखभालीची नोंद लिखित साहित्यात इतकी थोडी का, याचे कारण झाडांत नाही. लिहिणारे कुसाच्या आत होते.

मग कोरफडीचे काय, असे कोणी विचारील. ती तर कुंपणाची नव्हे, औषधाची. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादग्रंथात अगदी सुरुवातीचाच एक संवाद एलियावर, म्हणजे कोरफडीच्या वाळवलेल्या रसावर आहे. आपल्याकडे तो काळा बोळ. चरकसंहितेच्या कल्पस्थानातही चिकाच्या निवडुंगाला, स्नुहीला, स्वतंत्र अध्याय आहे आणि तिथे तो सर्वांत जहाल रेचक ठरवला आहे. हे सगळे मान्य. पण औषधाला चमचाभर चीक लागतो, त्यासाठी कोणी शेत लावत नाही. वैद्य तो वईवरूनच आणी. आणि कोरफडीचीच लोकरीत पाहा: ती मुळे वर करून दाराच्या चौकटीला टांगतात, आणि मातीवाचून ती महिनोन्महिने हिरवी राहते. चौकट हीसुद्धा हद्दच. पानफुटी तेवढी खरोखर हद्दीबाहेरची. मूळची मादागास्करची, परड्यात आपोआप पसरणारी, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हमखास भेटणारी. तिचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडू लागते, हे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी चावून पाहिले आणि १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आले. ही झाडे रात्री पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेतात, तो आम्लरूपात साठवतात आणि दिवसा दारे बंद करून वापरतात, हे पुढे उलगडले त्याचा एक धागा या चाखण्यापाशी जातो.

झाड कामावरून लावले जाई, या मुद्द्याची खरी कसोटी लागते ती मात्र सह्याद्रीच्या स्वतःच्या मांसल झाडांवर. जुन्नरजवळच्या डोंगरावर डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञांना एक लहानशी, जाड खोडाची, तांबूस मखमली फुलांची वनस्पती सापडली. १८६५ मध्ये त्यांनी तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले: फ्रेरिया इंडिका. ती महाराष्ट्रातच, मोजक्या कड्यांवर उगवते. शिवनेरीवर ती आहे म्हणून आता तिला शिवसुमन म्हणतात. परदेशातले संग्राहक तिची कलमे जपतात, आणि इथल्या गावच्या बोलीत तिचे नाव घरोघरी पोचलेले नाही. तिची नातलग माकडशिंगी निदान भाजीला खुडली जाते. ज्या झाडाला काटा नाही, विषारी चीक नाही, दोराला वाख नाही, ते गुरे अडवू शकत नव्हते. म्हणून ते कोणी लावले नाही, आणि लावले नाही म्हणून ते कड्यावर राहिले. अमेरिका खंडातला फड्या ‘आपला’ निवडुंग झाला आणि जुन्नरची फ्रेरिया गव्हर्नरच्या नावाने ओळखली गेली. देशी-विदेशी हा भेद झाडांच्या बाबतीत जन्मभूमीवरून ठरवायचा की कामावरून, हा प्रश्न हल्ली देशी झाडे लावा म्हणणाऱ्यांनीही विचारात घ्यायला हरकत नाही.

कुंपणाचे हे काम संपले ते झाडांच्या दोषाने नव्हे. १८७४ मध्ये अमेरिकेत काटेरी तारेचे पेटंट झाले. ती तार हळूहळू मळ्यापर्यंत आली. पंपांनी मोट हटवली, नायलॉनने वाखाचा दोर हटवला, आणि तारेला छाटणी लागत नाही. शेर उखडला गेला, घायपात माळावर फुलून वाळत राहिला. ज्या पिढीने निवडुंग आवरताना पाहिलाच नाही, तिला तो कुंडीत बिनकष्टाचा वाटला यात नवल नाही. कुंडीची भिंत आता तेच आवरण्याचे काम गुपचूप करते. कॅक्टस कुळातला एक सदस्य मात्र अलीकडे महाराष्ट्रात थेट शेताच्या मधोमध आला आहे. ड्रॅगन फ्रूट. जून २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तडसरची फळे दुबईला निर्यात झाली. सिमेंटच्या खांबाला वेल बांधायचा, डोक्यावरच्या चक्रीवरून फांद्या खाली सोडायच्या, गर्दी झाली की कापायच्या, मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही. कापलेली कांडी सावलीत सुकवून पुन्हा लावायची. आणि बांधावर, गुरे आत शिरू नयेत म्हणून, काटेरी तार.